कार्यक्रम झाला, पण फरक पडला का?

१ डिसेंबर जवळ आला की नागपुरातल्या लकडगंज, इतवारी, वर्धमाननगर या पट्ट्यातल्या कॉलेजांत लगबग सुरू होते. जागतिक एड्स दिन तोंडावर आलेला असतो. एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, मुलं-मुली लाल फिती कापून त्यांना टाचण्या लावतात, पोस्टर आणि रांगोळीच्या स्पर्धा होतात, आरा मशिनींच्या रस्त्याने प्रभातफेरी निघते. मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर येऊन तासभर बोलतात, सामूहिक शपथ होते, फोटो निघतात. मग अहवाल वर जातो. त्यात उपस्थितीचा आकडा, प्रमुख पाहुण्यांचं नाव, स्पर्धेतल्या विजेत्यांची यादी आणि शेवटी ‘विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने लाभ घेतला’ हे ठरलेलं वाक्य असतं.

यामागची मेहनत खरी आहे, आणि कार्यक्रम अधिकारी म्हणून राबणाऱ्या प्राध्यापकांबद्दल मला आदरच आहे. पण त्या अहवालात एका प्रश्नाचं उत्तर कधीच सापडत नाही. या सगळ्या खटाटोपामुळे एका तरी विद्यार्थ्याचा एचआयव्हीचा धोका कमी झाला का?

हा प्रश्न आता विचारायलाच हवा, कारण या कामाला तीन दशकांहून जास्त काळ लोटला. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत सापडले. राष्ट्रीय सेवा योजनेने १९९१ साली ‘युनिव्हर्सिटीज टॉक एड्स’ हा कार्यक्रम हाती घेतला आणि विद्यापीठांत या विषयावर उघडपणे बोलायला सुरुवात झाली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको आली, १९९८ साली महाराष्ट्राची राज्य संस्था. पुढे कॉलेजाकॉलेजांत एड्सबद्दल जागृती करणारे रेड रिबन क्लब निघाले. मुलांच्या कित्येक पिढ्या या कार्यक्रमांतून गेल्या. आणि आपण आजही हजेरी मोजतो आहोत.

लकडगंजात ही गोष्ट जास्त खटकते, कारण मोजमाप कसं करतात हे दाखवणारं काम इथून हाकेच्या अंतरावर आहे. गंगा-जमुना ही नागपूरची जुनी वेश्यावस्ती लकडगंज पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी बॅरिकेड लावून तिचे रस्ते बंद केले, तेव्हा ती राज्यभर चर्चेत आली. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांसाठी एड्स नियंत्रणाचे जे प्रकल्प चालतात, त्यांच्या नियमांत काय काय मोजलं जातं ते पाहा. किती जणींशी नियमित संपर्क आहे, कोणाला महिन्याला साधारण किती कंडोम लागतात आणि त्यातले किती पोचले, दर तीन महिन्यांनी गुप्तरोगाची तपासणी झाली का, दर सहा महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी झाली का, बाधित निघाली तर ती औषधोपचाराच्या (एआरटी) केंद्रापर्यंत पोचली का. या हिशेबात त्रुटी असतील, पण तो हिशेब माणसाच्या आयुष्यात पुढे काय घडलं याचा आहे. चार गल्ल्या सोडून असलेल्या कॉलेजात मात्र रांगोळी कोणाची चांगली होती, हे लिहून ठेवलं जातं.

कोणी म्हणेल, मग विद्यार्थ्यांतही संसर्ग किती झाले ते मोजा, विषय संपला. ते तितकं सरळ नाही. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या साधारण २५ लाख आहे आणि संख्येच्या हिशेबाने महाराष्ट्र सर्वांत वर आहे. तरी प्रौढांमधलं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. नवे संसर्ग २०१० च्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून जास्त घटले असून आता वर्षाला लाखामागे पाचच्या आसपास होतात. ही सरासरी २००० विद्यार्थ्यांच्या कॉलेजाला लावली, तर दहा वर्षांत एक नवा संसर्ग अपेक्षित धरावा लागतो. कार्यक्रमाने धोका अगदी निम्मा केला, तरी एका कॉलेजात तो फरक दिसणारच नाही. संसर्गांच्या आकड्यात तो दिसायचा तर लाखो विद्यार्थ्यांवर वर्षभर लक्ष ठेवावं लागेल. त्यातून एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ प्रमाणे संमतीशिवाय कोणाचीही चाचणी करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून संसर्गाच्या अलीकडे, संसर्गाकडे नेणाऱ्या गोष्टी मोजाव्या लागतात. खरी मेख इथेच आहे. अलीकडच्या कुठल्या गोष्टी?

सर्वांत सोपं काय मोजायचं, तर माहिती. व्याख्यानाआधी दहा प्रश्नांचा एक फॉर्म वाटायचा. डास चावल्याने एचआयव्ही होतो का? एका ताटात जेवल्याने होतो का? हो किंवा नाही. व्याख्यान संपलं की तोच फॉर्म पुन्हा. आधी दहापैकी सहा गुण, नंतर नऊ. आलेख वर गेला, सगळे खूश. पण तासाभराने तेच प्रश्न विचारले, तर मोजली जाते ती तासाभराची आठवण. तेच प्रश्न सहा महिन्यांनी, परीक्षा आणि उन्हाळ्याची सुट्टी उलटल्यावर विचारले तर त्या उत्तरांना काही अर्थ.

माहिती मोजूच नये असं मी म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीची सर्वांगीण माहिती फक्त २२ टक्के स्त्रियांना आणि ३१ टक्के पुरुषांना होती. इथे कसोटी अशी की प्रतिबंधाचे मार्ग ठाऊक हवेत, धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो हे ठाऊक हवं आणि रूढ गैरसमज मनात नसावेत. एवढ्या वर्षांच्या प्रचारानंतर ही अवस्था. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक विषयांवर मोकळेपणाने बोलणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं त्या महाराष्ट्रात, २००७ साली विधिमंडळात गदारोळ झाला म्हणून शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. साहजिकच मुलं कॉलेजात कोरी पाटी घेऊन येतात, किंवा मोबाईलवरून गोळा केलेलं भलतंसलतं डोक्यात भरून. तेव्हा माहिती द्यायलाच हवी, पण ती कामाची हवी. धोक्याचा प्रसंग घडून गेल्यावर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, औषध सुरू केलं तर संसर्ग टाळता येऊ शकतो. ते २८ दिवस घ्यावं लागतं. नियमित औषधं घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी झाला आहे, त्याच्याकडून शारीरिक संबंधातून संसर्ग होत नाही. संसर्ग झाल्यानंतरचे काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. डासांचा प्रश्न फॉर्मवर वर्षानुवर्षं छापला जातो. या तीन गोष्टींवरचे प्रश्न त्यावर क्वचितच दिसतात.

माहितीच्या पुढची पायरी वागणुकीची, आणि ती विचारायची म्हटलं की भल्याभल्यांची पंचाईत होते. वर्गात, शेजारी मित्र बसलेला, समोर सर फेऱ्या मारताहेत, आणि फॉर्मवर प्रश्न आहे: ‘गेल्या सहा महिन्यांत तुमचे शारीरिक संबंध आले का?’ कोण खरं लिहील? काही मुलं फुशारकीने ‘हो’ लिहितील, मुली बहुतेक सगळ्या ‘नाही’ लिहितील. लीना अब्राहम आणि अनिल कुमार यांनी मुंबईतल्या अल्प उत्पन्न गटातल्या ९६६ कॉलेज विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २६ टक्के मुलांनी आणि ३ टक्के मुलींनी संबंध आल्याचं सांगितलं. यातली तफावत काही अंशी खरी असणार. पण आपल्याकडे मुलीने असं कबूल करण्याची किंमत काय असते, हे ठाऊक असलेला कोणीही तो ३ चा आकडा जसाच्या तसा धरणार नाही.

यावर एक साधी, देखणी तोड निघाली आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या तरुणांची मोठी पाहणी केली. तोंडी मुलाखतीत लग्नाआधीच्या संबंधांबद्दल विचारून झाल्यावर, शेवटी एक कार्ड हातात दिलं जाई. त्यावर फक्त हो किंवा नाही अशी खूण करायची, कार्ड स्वतःच लिफाफ्यात घालायचं आणि लिफाफा स्वतःच चिकटवायचा. मुलाखत घेणाऱ्यालाही तो उघडता येत नसे. समोर बसून ‘नाही’ म्हणणाऱ्या काहींनी लिफाफ्यात ‘हो’ लिहिलं होतं. एक लिफाफा आणि थोडा डिंक, एवढ्यावर खरं बोलण्याची सोय झाली. आपल्या कॉलेजांत निदान सरांनी वर्गाबाहेर जाणं आणि फॉर्मवर नाव व हजेरी क्रमांक नसणं, इतकं तरी सहज जमण्यासारखं आहे.

समजा, मुलांनी खरं लिहिलं आणि वर्षभरात कंडोमचा वापर वाढलेला दिसला. श्रेय कार्यक्रमाचं का? २००२-०३ च्या सुमारास मुंबईत ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ या जाहिरातीचे फलक रेल्वे स्टेशनांपासून बसथांब्यांपर्यंत लागले होते. त्या दिवसांत मुंबईच्या एखाद्या कॉलेजाने आपला कार्यक्रम घेतला असता आणि आधी-नंतरचे फॉर्म भरून घेतले असते, तर बलबीर पाशाचं सगळं पुण्य त्या कॉलेजाच्या खात्यात जमा झालं असतं. तेव्हा तुलनेला दुसरं कॉलेज हवंच. तशीच मुलं, तसाच परिसर, पण कार्यक्रम अजून न झालेला. याला कोणी हरकत घेईल की मुलांना माहितीपासून वंचित कसं ठेवायचं? वंचित ठेवायची गरजच नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा पसारा नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया अशा चार जिल्ह्यांचा आहे. सगळ्या कॉलेजांत एकाच महिन्यात चांगला, दीर्घ कार्यक्रम घेण्याइतकी माणसं तशीही नाहीत. मग कोणत्या कॉलेजात आधी आणि कोणत्या कॉलेजात पुढच्या सत्रात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. जे नंतर येणार ते तोवर तुलनेला मिळतात, आणि शेवटी कार्यक्रम सगळ्यांपर्यंत पोचतो.

आफ्रिकेत असं मोजमाप काटेकोरपणे झालं आहे आणि त्यातून निघालेली उत्तरं अवघड आहेत. टांझानियातल्या म्वांझा भागात २० समुदाय निवडून, निम्म्यांत शाळेतले धडे, तरुणांशी नीट वागणारे दवाखाने आणि गावातले उपक्रम असा भरगच्च कार्यक्रम राबवला. माहिती वाढली आणि ती वर्षानुवर्षं टिकली. मुलांनी सांगितलेलं वागणंही काही बाबतींत सुधारलं. पण रक्त तपासलं तेव्हा एचआयव्हीत आणि जननेंद्रियांच्या नागिणीच्या (हर्पिसच्या) विषाणूत फरक दिसला नाही. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने शाळांमधल्या अशा आठ मोठ्या चाचण्या, मिळून ५५ हजारांवर मुलंमुली, एकत्र तपासल्या. नुसत्या अभ्यासक्रमाने एचआयव्ही किंवा गुप्तरोग घटल्याचा पुरावा मिळाला नाही. फक्त फॉर्म मोजले असते, तर यातल्या कित्येक कार्यक्रमांचा यशस्वी म्हणून सत्कार झाला असता.

म्हणजे सगळं व्यर्थ, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ७० गावांत ‘स्टेपिंग स्टोन्स’ हा कार्यक्रम तपासला गेला. त्यात तरुण-तरुणींच्या गटांनी सुमारे ५० तास एकत्र घालवले. बोलणं, नाट्यप्रसंग, नात्यातली जबरदस्ती, नकार कसा द्यायचा आणि कसा ऐकायचा, यावर काम झालं. एचआयव्हीत ठोस घट सिद्ध झाली नाही, पण नागिणीच्या विषाणूचे नवे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि मुलांकडून होणाऱ्या हिंसेचं प्रमाणही कमी झाल्याचं आढळलं. तिकडे ५० तास. आपल्याकडे एक तास, त्यातही पाहुण्यांचं स्वागत आणि आभारप्रदर्शन.

मला सर्वांत जास्त शिकवून जातो तो केनियातला प्रयोग. अर्थशास्त्रज्ञ पास्कलिन दुपास यांनी पश्चिम केनियातल्या काही शाळांत मुलींना जेमतेम ४० मिनिटं एकच गोष्ट सांगितली: कोणत्या वयाच्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण किती आहे. बरोबरीच्या मुलांत अगदी कमी, पंचविशीच्या पुढच्या पुरुषांत कितीतरी जास्त. उपदेश शून्य. सरकारी अभ्यासक्रम संयमाचाच मंत्र देत होता, आणि तो शिकवायला शिक्षकांना खास प्रशिक्षण दिलं त्या शाळांत मुलींच्या गरोदरपणात फरक पडला नाही. वयाचे आकडे सांगितले त्या शाळांत वर्षभरात गरोदरपण २८ टक्क्यांनी घटलं, आणि ही घट मुख्यतः मोठ्या वयाच्या पुरुषांपासून राहणाऱ्या गर्भांत होती. मुली संबंध टाळतच होत्या असं नाही. कोणासोबत धोका जास्त आहे हे कळल्यावर त्यांनी आपली निवड बदलली. गरोदरपण फॉर्मवर लपवता येत नाही, म्हणून या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

हे लकडगंजाला लावून पाहा. इथल्या मुलाच्या मनात एचआयव्ही म्हणजे ‘तिकडचा’, गंगा-जमुनाच्या गल्लीतला आजार. आपण तिकडे जात नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही. आपल्या वर्गातली, आपल्या ओळखीची, चांगल्या घरची व्यक्ती म्हणजे धोका शून्य. २०१४-१५ च्या राष्ट्रीय पाहणीत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांत एचआयव्हीचं प्रमाण २.२ टक्के होतं, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ४.३ टक्के आणि सुईने नशा करणाऱ्यांत ९.९ टक्के. ज्या वस्तीकडे सगळे बोट दाखवतात तिच्यापेक्षा वाटून घेतलेली सुई कितीतरी जास्त धोक्याची आहे, हे कॉलेजातल्या व्याख्यानात कोण सांगतं? आणि ज्या मुलाला मुलांचंच आकर्षण आहे, त्याच्यासाठी त्या तासभरात एक वाक्य तरी असतं का? सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. नागपुरात सारथी ट्रस्टसारखी संस्था या समाजात काम करते. तरी कॉलेजातला कार्यक्रम ‘मुलगा-मुलगी-लग्न’ यापुढे जात नाही. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना कार्यक्रम आवडला आणि सर्वांत जास्त धोका असलेले पाच जण गप्प बसून उठून गेले, तर सरासरी छान येईल. मूल्यमापन मात्र फसलेलं असेल.

माहिती आणि वागणूक यांच्या मधे कौशल्य असतं, ते आपण मोजतच नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात जेफ्री आणि विल्यम फिशर यांनी नव्वदच्या दशकात हाच धागा पकडला: माहिती, प्रेरणा आणि कौशल्य, तिन्ही हवं. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांवर तसा कार्यक्रम केला, तेव्हा कंडोमचा वापर वाढल्याचं दिसलं. आपल्या गल्लीत कौशल्य म्हणजे काय? घराजवळच्या मेडिकल स्टोअरवर संध्याकाळी सात वाजता गर्दी आहे. दुकानदार काका वडिलांना ओळखतात. रांगेत शेजारच्या काकू उभ्या आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलाला कंडोम मागायचा आहे. तो खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत येतो. फॉर्मवर ‘कंडोमने एचआयव्ही टाळता येतो’ याला त्याने बरोबरची खूण केली होती, त्याला दहापैकी दहा आहेत. मुलगी तर त्या काउंटरपर्यंत जाणारच नाही. मुंबईतल्या वस्त्यांत कोरो संस्थेच्या साथीने झालेल्या ‘यारी दोस्ती’ कार्यक्रमात तरुणांनी पुरुषपणाच्या कल्पनांवर आठवडेच्या आठवडे चर्चा केली, प्रसंग करून पाहिले, आणि त्यांच्या मूल्यमापनात मुलींकडे पाहण्याची दृष्टी व कंडोमचा वापर दोन्ही तपासले गेले. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषांत हे झालं आहे.

मग लकडगंजातल्या कॉलेजाने काय मोजावं? माझं मत असं. कार्यक्रमानंतर प्रत्येकाला एक रंगीत चिठ्ठी द्यावी, प्रत्येक कॉलेजाचा रंग वेगळा. त्यावर मेयो, डागा रुग्णालय आणि मेडिकलमधल्या तपासणी केंद्रांचे पत्ते असावेत. चाचणी किंवा नुसता सल्ला घ्यायला जाणाऱ्याने ती चिठ्ठी तिथल्या पेटीत टाकावी. नाव नाही, सही नाही, निकालाचा उल्लेख नाही. तीन महिन्यांनी पेटी उघडून रंग मोजावेत. कॉलेजात कंडोमची पेटी स्वच्छतागृहाजवळ, कोणाला न विचारता घेता येईल अशी ठेवावी आणि किती संपले ते नोंदवावं. सहा महिन्यांनी बंद लिफाफ्यातला छोटा फॉर्म घ्यावा. आणि हे सगळं, अजून कार्यक्रम न झालेल्या दुसऱ्या एका कॉलेजातही मोजावं. यातला एकही आकडा परिपूर्ण नाही. पेटीतले कंडोम कोणी फुगे फुगवायलाही नेईल. पण हजेरीपटापेक्षा हे आकडे सत्याच्या जवळचे असतील. कोणाचाही निकाल प्राचार्यांच्या टेबलावर जाता कामा नये, ही अट मात्र सोडायची नाही. २०१७ च्या कायद्याने बाधित व्यक्तीशी शिक्षणात भेदभाव करायला मनाई केली आहे, आणि मुलांना गुप्ततेचा भरवसा नसेल तर ती केंद्राची पायरी चढणार नाहीत.

आकडे वाईट आले तर? तर कार्यक्रम बदलायचा. निष्प्रभ कार्यक्रम तीस वर्षं चालवण्यापेक्षा एका वर्षात तो निष्प्रभ आहे हे कळणं केव्हाही चांगलं.

रेड रिबन क्लब आणि एनएसएस चालवणाऱ्या प्राध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे की येत्या १ डिसेंबरच्या अहवालात उपस्थितीच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: किती जण तपासणी केंद्रापर्यंत गेले. पहिल्या वर्षी तिथे शून्य आलं तरी शून्यच लिहा आणि विद्यापीठाला तसंच पाठवा. आणि हे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला मनात काही शंका असेल, तर १०९७ या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तुमची माहिती गुप्त राहते.